दुसरी नळी रिकामी का राहिली?

प्रश्न थोडक्यात असा. पेडणे तालुक्यातल्या एका पालकांची मुलगी दहावीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने पाण्याचं विद्युत अपघटन, म्हणजे वीज सोडून पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करणं, करून पाहिलं. साहित्य म्हणजे ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, दोन्ही बाजूंनी टोक काढलेल्या दोन पेन्सिली, विहिरीचं अर्धा लिटर पाणी आणि त्यात दोन चमचे आगरवाड्याच्या मिठागरातलं मीठ. ऋण टोकाकडची नळी वायूने भराभर भरली. धन टोकाकडे बुडबुडे दिसत होते, पण नळीत काही साठेना. पाण्याला पिवळसर झाक आली, पोहण्याच्या तलावासारखा वास सुटला, ऋण टोकाभोवती पांढरट गढूळपणा जमला आणि पंधरा मिनिटांत बॅटरी तापून बसली. आता मीठ वाढवू, मोठी बॅटरी लावू, की पुस्तकात लिहिलंय तसे आम्लाचे थेंब त्याच पाण्यात टाकू, असं विचारलंय.

शेवटच्या पर्यायापासून सुरू करतो, कारण तो घातक आहे. त्या पाण्यात आम्ल टाकू नका. सल्फ्यूरिक नको, न्हाणीघर धुवायचं ॲसिड नको, व्हिनेगर किंवा लिंबूसुद्धा नको. ते आता नुसतं मिठाचं पाणी राहिलेलं नाही, त्यात सोडिअम हायपोक्लोराइट तयार झालंय. कपडे पांढरे करायला जे द्रव ब्लीच मिळतं, त्यातला हाच पदार्थ. आम्ल पडलं की त्यातून क्लोरीन वायू बाहेर येतो. बंद खोलीत तो घशाला आणि छातीला लागतो. खिडक्या उघडा, भरपूर पाणी घालून ते मोरीत ओता आणि भांडं धुऊन टाका. खात्री करायची असेल तर ओतण्याआधी एका वाटीत थोडंसं काढून फाउंटन पेनच्या निळ्या शाईचा थेंब टाका. रंग उडत गेला तर ब्लीचच आहे.

आता मूळ मुद्दा. प्रश्न बॅटरीचा नाही आणि मीठ कमी पडण्याचाही नाही. तुमच्या भांड्यात एका टोकाला पाणी फुटत होतं आणि दुसऱ्या टोकाला मुख्यतः मीठ. पाण्यात वीज सोडली की पाणीच फुटणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात प्रत्येक अग्रापाशी, म्हणजे पाण्यात वीज नेणाऱ्या टोकापाशी, उमेदवार एकापेक्षा जास्त असतात, आणि त्या परिस्थितीत ज्याला इलेक्ट्रॉन घेणं किंवा देणं सोपं जातं तो आधी पुढे येतो. कुठलाही विद्युत अपघटनाचा प्रयोग लावताना आधी दोन याद्या करायच्या: ऋणाग्रापाशी कोण कोण आहे आणि धनाग्रापाशी कोण कोण आहे. अग्र ज्या पदार्थाचं आहे त्यालाही यादीत धरायचं, ते सहसा विसरलं जातं.

ऋणाग्र म्हणजे मुलीच्या पुस्तकातला कॅथोड. तिथे सोडिअम आयन आणि पाणी असे दोघं हजर होते. सोडिअमला इलेक्ट्रॉन घ्यायला लावणं फार महाग पडतं. त्याचं प्रमाण विभव (आकडा जितका उणे, तितकं इलेक्ट्रॉन घेणं अवघड) उणे २.७१ व्होल्ट आहे, पाण्याचं आम्लारिधर्मी द्रावणात उणे ०.८३ च्या आसपास. म्हणून पाणी इलेक्ट्रॉन घेतं, हायड्रोजन सुटतो आणि हायड्रॉक्साइड आयन मागे राहतात. पांढरा गढूळपणा त्या हायड्रॉक्साइडमुळेच आला. मिठागरातल्या मिठात मॅग्नेशिअमचे क्षार असतात. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते त्यांच्यामुळे. मॅग्नेशिअम आणि हायड्रॉक्साइड भेटले की मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइडचा पांढरा साका बसतो. प्रयोग बिघडल्याची ती खूण नाही, मीठ शुद्ध नसल्याची आहे.

धनाग्रापाशी, म्हणजे ॲनोडला, तीन उमेदवार होते: क्लोराइड आयन, पाणी आणि पेन्सिलीतलं ग्राफाइट. इथे एक आकड्यांचं कोडं आहे, मुलीला परीक्षकांनी विचारलं तर उत्तर तयार असू द्या. पाण्यातून ऑक्सिजन काढायला १.२३ व्होल्ट पुरतात आणि क्लोराइडमधून क्लोरीन काढायला १.३६ लागतात. मग आधी ऑक्सिजन यायला हवा ना? कागदावर हो. पण ऑक्सिजनचा एक रेणू तयार व्हायला पाण्याच्या दोन रेणूंकडून चार इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात. हे काम टप्प्याटप्प्याने होतं आणि ग्राफाइटवर ते रेंगाळतं, म्हणून वरून बराच जादा व्होल्टेज द्यावा लागतो. क्लोरीनचं काम दोन इलेक्ट्रॉनांत उरकतं. त्यामुळे भरपूर क्लोराइड असेल तिथे क्लोरीन बाजी मारतो. किती मारतो हे मिठाच्या प्रमाणावर अवलंबून आहे. चिमूटभर मिठात ऑक्सिजनचा वाटा मोठा राहतो, संपृक्त द्रावणात जवळजवळ सगळा क्लोरीन. अर्ध्या लिटरला दोन चमचे म्हणजे समुद्राच्या पाण्याहून थोडं कमी खारट. तिथे दोन्ही वायू येतात, पण वास क्लोरीनचा येतो.

मग नळी रिकामी का? क्लोरीन पाण्यात चांगलाच विरघळतो. साध्या तापमानाला पाणी स्वतःच्या आकारमानाच्या दुपटीच्या आसपास क्लोरीन पोटात घेतं. शिवाय ऋणाग्राकडून सरकत आलेले हायड्रॉक्साइड आयन त्याला गाठतात आणि हायपोक्लोराइट बनतं. बुडबुडे निघतात आणि वर पोचेपर्यंत गडप होतात. समजा एक थेंबही न विरघळता सगळा क्लोरीन साठवता आला असता, तरी पाणी फुटल्यावर येणारं हायड्रोजन दोनास ऑक्सिजन एक असं प्रमाण आलं नसतं, एकास एक आलं असतं, कारण हायड्रोजनच्या एका रेणूमागे क्लोरीनचाही एकच रेणू सुटतो. मीठ वाढवून दोनास एक कधीच मिळणार नाही, आणखी दूर जाईल.

पाणी वीज वाहून न्यायला कमी पडतं म्हणून त्यात काहीतरी मिसळावं लागतं, हे खरं. पण मिसळायचा पदार्थ असा हवा की तो आयन पुरवेल आणि स्वतः अग्रांवर फुटणार नाही. पुस्तकात विरल सल्फ्यूरिक आम्ल सांगितलंय ते यासाठीच. सल्फेट आयन धनाग्राकडे येतो खरा, पण विरल द्रावणात त्याच्याऐवजी पाणीच इलेक्ट्रॉन देतं. हायड्रोक्लोरिक आम्ल घेतलंत तर क्लोराइड परत हजर, म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली विरल सल्फ्यूरिक उत्तम. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. घरी मात्र मी आम्ल सुचवणार नाही. गॅरेजमधलं बॅटरीचं ॲसिड तर मुळीच नको, ते विरल नसतं, तीव्र असतं.

घरासाठी धुण्याचा सोडा घ्या, म्हणजे सोडिअम कार्बोनेट. अर्ध्या लिटरला एक सपाट चमचा, साधारण ५ ग्रॅम. कपड्यांची पावडर नको, तिचा फेस नळीत चढतो. खाण्याचा सोडाही चालतो असं पुष्कळ जण सांगतात आणि बुडबुडे येतातही, पण धनाग्रापाशी आम्लता वाढते, तिथला बायकार्बोनेट कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि ऑक्सिजनच्या नळीत भेसळ होते. फक्त बुडबुडे दाखवायचे असतील तर हरकत नाही. मोजायचं असेल तर धुण्याचाच सोडा.

पाण्याबद्दल थोडं. किनाऱ्याजवळच्या विहिरींना एप्रिल-मे महिन्यांत मचूळपणा येतो, म्हणजे क्लोराइड आलंच. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, गॅरेजमध्ये किंवा पेट्रोल पंपावर मिळतं. पावसाळा असेल तर पहिल्या काही सरी जाऊ द्या आणि अंगणात उघड्यावर पातेलं ठेवून पाणी धरा. पागोळीचं नको, त्यात कौलांवरची धूळ आणि शेवाळ उतरतं.

आता अग्रं. इथे माझं मत जरा कडक आहे. धनाग्रासाठी लोखंडी खिळा, तांब्याची तार किंवा स्टीलचा चमचा वापरू नका. खिळा गंजत जातो आणि पाणी आधी हिरवट, मग तपकिरी होतं. तांबं विरघळून निळसर-हिरवा साका देतं. दोन्ही वेळा इलेक्ट्रॉन धातूच देऊन बसतो आणि ऑक्सिजनचा हिशेब कोलमडतो. स्टेनलेस स्टील वरून साधंभोळं दिसतं, पण धनाग्राला लावलं की त्यातलं क्रोमिअम विषारी रूपात पाण्यात उतरू शकतं. ऋणाग्राला स्टील लावायला हरकत नाही, तिथे ते सुरक्षित राहतं. विद्युत अपघटनाच्या अगदी पहिल्या प्रयोगालाही हाच अडथळा आला होता. १८०० साली व्होल्टाच्या विद्युतघटांच्या चळतीची बातमी लंडनला पोचताच निकल्सन आणि कार्लाइल यांनी पितळी तारा पाण्यात सोडल्या. एका तारेपाशी हायड्रोजन आला, दुसरी नुसती काळवंडून झिजत गेली. प्लॅटिनमच्या तारा लावल्या तेव्हा कुठे दोन्ही वायू मिळाले.

प्लॅटिनम तुम्हाआम्हाला परवडणारं नाही, म्हणून ग्राफाइट. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि माती यांचं मिश्रण. एचपेक्षा टूबी किंवा फोरबीमध्ये ग्राफाइट जास्त असतं, तीच घ्या. पण अख्खी पेन्सिल घेतली तर लाकूड फुगतं आणि शिशाच्या कडेने पाणी वर चढून तारेच्या जोडापर्यंत जातं. त्याहून बरी म्हणजे जुन्या साध्या टॉर्च सेलमधली कार्बनची कांडी. सेल झिंक-कार्बनचाच हवा. अल्कलाइन किंवा रिचार्जेबल सेल फोडायचे नाहीत. फोडणं मोठ्यांनी करावं, हातमोजे घालून. कांडी पॉलिशपेपरने घासा आणि पाण्यात पाच-दहा मिनिटं उकळून घ्या, तिच्यात मेण मुरवलेलं असू शकतं.

वीज किती? ९ व्होल्टच्या त्या चौकोनी बॅटरीत दीड व्होल्टचे सहा चिमुकले सेल असतात. त्यांचा जीव थोडा. खारट पाण्यातून भरमसाट प्रवाह ओढला की ते तापणार आणि लवकर संपणारच. चार मोठे टॉर्च सेल होल्डरमध्ये एकापुढे एक लावा, ६ व्होल्ट मिळतात आणि प्रयोग तासभर आरामात चालतो. जुन्या मोबाइल चार्जरचे ५ व्होल्टही पुरतात. वायर कापल्यावर बहुधा लाल धन आणि काळी ऋण निघते, पण मल्टिमीटरने तपासा. उघडी टोकं एकमेकांना लागू देऊ नका. भिंतीतल्या प्लगची २३० व्होल्टची वीज थेट पाण्यात सोडायचा विचारही नको. जिवाचा धोका तर आहेच, शिवाय ती प्रत्यावर्ती असते. अग्रांची अदलाबदल सेकंदाला शंभर वेळा होत असताना वायू वेगळे मिळणार कसे?

जुळणीसाठी श्रीखंडाचा किंवा आइसक्रीमचा प्लास्टिक डबा घ्या. तळाला दोन भोकं पाडा, मधलं अंतर ३ सेंटिमीटर, आणि कांड्या खालून वर घाला. पुस्तकात रबरी बुचं दाखवली आहेत, पण ती मापाची मिळाली नाहीत तर गळतात. एम-सील दोन्ही बाजूंनी नीट दाबा आणि रात्रभर सुकू द्या. तारेचा जोड डब्याच्या बाहेर, खालच्या अंगाला राहिला पाहिजे, पाण्यात तांबं कुठेही उघडं नको. डबा दोन विटांवर ठेवला की खालून तारा काढता येतात. आत कांडीचा दोन-अडीच सेंटिमीटर भाग वर राहू दे.

नळ्या भरायची युक्ती म्हणजे डब्यातल्या द्रावणातच नळी आडवी बुडवून पूर्ण भरायची, तोंडावर अंगठा धरून उलटी करायची आणि कांडीवर उभी करायची. अंगठ्याला हातमोजा असू दे, सोडा कातडीला कोरडं पाडतो. आणि एक चूक हमखास होते. नळी तळाला टेकवून घट्ट बसवली जाते. मग आतलं द्रावण बाहेरच्यापासून तुटतं, आयनांना जायला वाट राहत नाही आणि प्रवाह जवळपास बंद पडतो. तोंड तळापासून अर्धा सेंटिमीटर वर ठेवा. तरीही कांडी नळीच्या तोंडाच्या आतच उभी राहिली पाहिजे, नाहीतर बुडबुडे बाहेर निसटतात.

नळ्या लावण्याआधी दहा-पंधरा मिनिटं प्रयोग नुसताच चालू ठेवा. याचं कारण मोजमापात आहे. २५ अंशांना एक लिटर पाणी जवळपास ३० मिलिलिटर शुद्ध ऑक्सिजन विरघळवू शकतं, हायड्रोजन १९ च्या आसपास. तुम्ही साठवणार जेमतेम ५ मिलिलिटर ऑक्सिजन. पाण्याची तहान आधी भागवली नाही तर तो सगळा त्यात जिरू शकतो.

किती वेळ लागेल हे प्रवाहावरून काढता येतं, आणि मुलीने हा हिशेब तक्त्यावर मांडला तर प्रयोगाला वजन येईल. मल्टिमीटर एकसरीत जोडून प्रवाह १०० मिलिअँपिअर आला असं धरा. दहा मिनिटांत ६० कूलोम प्रभार जातो. एक मोल (कण मोजायचं रसायनशास्त्रातलं एकक) इलेक्ट्रॉनांना ९६,४८५ कूलोम लागतात आणि हायड्रोजनच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन. त्यावरून हायड्रोजन येतो ०.०००३११ मोल. आपल्याकडच्या ३० अंश तापमानाला त्याचं आकारमान पावणेआठ मिलिलिटरच्या आसपास भरतं, वाफ धरून आठ. ऑक्सिजन त्याच्या निम्मा, चार. प्रवाह दुप्पट केला तर वेळ निम्मा. ५० च्या खाली असेल तर सोडा थोडा वाढवा किंवा कांड्या जवळ आणा, व्होल्टेज वाढवायची घाई नको.

इतकं करूनही ऑक्सिजन निम्म्याहून थोडा कमीच येईल. हायड्रोजन ८ आणि ऑक्सिजन ३ ते साडेतीन असं दिसलं तर दचकू नका आणि आकडे दुरुस्तही करू नका. धनाग्रापाशी तयार होणारा ऑक्सिजन ग्राफाइटलाच खातो, थोडा कार्बन डायऑक्साइड होऊन सोड्याच्या द्रावणात मुरतो. तळाशी काळी पूड दिसेल ती याचीच खूण. ग्राफाइटने नेमकं दोनास एक मिळत नाही आणि का मिळत नाही, हे जिला सांगता येतं तिला प्रयोग कळलाय.

वायूंची परीक्षा करताना आधी वीज बंद. हायड्रोजनची नळी उलटीच धरून उचला, कारण तो हलका, तोंड वर केलं की निघून जातो. पेटती काडी तोंडापाशी नेली की ‘फट्’ असा छोटा आवाज होतो. ऑक्सिजनसाठी माडाच्या हिराचं टोक पेटवून फुंकर मारा, निखारा राहू द्या आणि नळीत सरकवा. तो झळाळतो किंवा परत पेट घेतो. दोन्ही वायू एकाच नळीत कधीही साठवू नका. दोनास एक प्रमाणातलं मिश्रण स्फोटक असतं, काचेच्या नळीत तर आणखी वाईट.

दर्शक, म्हणजे आम्ल किंवा आम्लारी भेटलं की रंग बदलणारा पदार्थ, घालून रंग दाखवायचे असतील तर धुण्याचा सोडा कामाचा नाही, तो मुळातच आम्लारिधर्मी. तिथे सोडिअम सल्फेट घ्या आणि जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क. ऋणाग्राकडे हिरवट, धनाग्राकडे गुलाबी रंग चढतो, आणि वीज बंद करून ढवळलं की रंग जवळपास मूळचा होतो, कारण दोन्हीकडे तयार झालेलं आम्ल आणि आम्लारी एकमेकांना संपवतात. सोलांचं आगळ रंगाला मोहक असलं तरी नको, त्यात मीठ असतं आणि ते स्वतःच आंबट.

टेबलावर जागा असेल तर शेजारी मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं, भांडं ठेवा. पोफळींवरच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण नावाचं फवारणीचं औषध करतात, त्यासाठी लागणारं मोरचूद शेतीच्या दुकानात मिळतं. २०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पुरे. एकदा दोन्ही अग्रं तांब्याची लावा: एक पट्टी झिजते, दुसरीवर तांबं चढतं, निळा रंग तसाच राहतो. १०० मिलिअँपिअरने अर्ध्या तासात सुमारे ५९ मिलिग्रॅम तांबं चढेल, घरच्या काट्यावर ते कळणार नाही, पण पट्टी गुलाबी झालेली डोळ्यांना दिसेल. मग धनाग्राला कार्बनची कांडी लावा: आता झिजायला तांबं नाही, म्हणून पाणी इलेक्ट्रॉन देतं, ऑक्सिजनचे बुडबुडे येतात आणि बराच वेळ चालवलं तर निळा रंग फिका होत जातो. द्रावण तेच, बॅटरी तीच, फक्त उमेदवारांची यादी बदलली.

मोरचुदाचं पाणी विहिरीजवळ, ओहोळात किंवा मानशीच्या (खाजनातल्या पाण्याच्या दाराच्या) बाजूला ओतू नका, माशांना ते विष आहे. बाटलीत भरून, चिठ्ठी लावून शाळेच्या प्रयोगशाळेत द्या, पुढच्या वर्गाला कामी येतं. प्रदर्शनाच्या दिवशी वापरायच्या कांड्या आदल्या रात्री धुऊन कोरड्या करा आणि धन बाजूच्या कांडीला लाल दोरा बांधा. झिजलेली कांडी दुसऱ्या दिवशी चुकून ऋणाग्राला लागली की मोजमापाचा घोळ होतो.